शेतात घाम गळतो म्हणून डोंगरात पळू नये, हे कोणी ठरवलं?

आज भाताची नोंद नाही, वालाची नाही. आज जरा भांडायचं आहे.

गेल्या पंधरवड्यात आम्ही चौघांनी रायगडाची प्रदक्षिणा पळत केली. पळत म्हणजे जिथे पळता येतं तिथे पळत, बाकी चालत. त्याचा एक फोटो इथे टाकला आणि तेव्हापासून जो भेटतो तो काहीतरी ऐकवूनच जातो. गावातले म्हणतात, "चोपन्नाव्या वर्षी ही काय अवदसा आठवली?" एका बैठकीत शेतीतले एक जाणकार साहेब हसत हसत म्हणाले, "काका, शेतात घाम कमी गळतो काय?" आणि ओळखीचे एक गृहस्थ, जे स्वतः दर रविवारी भारी बूट घालून डांबरावर पळतात, ते म्हणाले की डोंगरातलं पळणं आपल्याकडच्या माणसाचं काम नाही, ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं, त्याला वेगळं ट्रेनिंग लागतं.

तिघांनाही इथेच उत्तर देतो, म्हणजे परत परत सांगायला नको.

आधी साहेबांचं घेऊ, कारण त्यांचं बोलणं आपल्याच शेतकऱ्यांना सगळ्यात जास्त पटतं. "शेतात व्यायाम होतोच की." हे माझ्या वडलांना लागू होतं. ते राबासाठी टहाळ तोडून डोक्यावरून आणायचे, नांगरामागे दिवसभर चालायचे, बाजाराला पायी जायचे आणि पायीच यायचे. मी काय करतो? बिरवाडीतून खाचरावर जायला मोटारसायकल. चिखलणीला पॉवर टिलर. बांधावरचं गवत ग्रासकटरने. आवणीला पंधरा दिवस कंबर मोडते, कापणी-झोडणीला पंधरा-वीस दिवस खांदे भरून येतात. आणि मधल्या महिन्यांत? पारावर बसतो, मोबाईल बघतो, लग्नाच्या पंक्ती उठवतो. आमच्या वाडीत पन्नाशी ओलांडलेल्या घरांत खिडकीत गोळ्यांचा डबा आहेच. एक बीपीची, एक साखरेची. हे शेतात घाम गाळणारे लोक आहेत बरं का.

वाकून केलेलं काम आणि छाती भरून श्वास घेत केलेलं काम, दोन्ही काम असलं तरी एक नाही. आवणीत आपण बारा-बारा तास पुढे वाकलेले असतो. पाठ धरते, पोटऱ्या भरतात, पण दम वाढत नाही. ज्या बैलाला आठ महिने दावणीला बांधून मृगात एकदम जुंपला, तो तिसऱ्या दिवशी बसणार, हे आपण सांगतो ना? मग स्वतःच्या अंगाचा हिशेब करताना हे कुठे जातं? मी तीन वर्षांपासून पळतो. यंदाच्या आवणीत कंबरेला पट्टा लागला नाही. याला शास्त्र म्हणा, योगायोग म्हणा, मी माझ्या अंगावरची नोंद सांगतोय, शेताची सांगतो तशी.

आता ती प्रदक्षिणा काय आहे ते सांगतो. फोटो बघून पुष्कळांना वाटलं की आम्ही पायऱ्यांनी गड चढून उतरलो. तसं नाही. गडावर जायचंच नाही. गड उजव्या हाताला ठेवून त्याच्या पायथ्याने सगळा वेढा घालायचा. पाचाडहून निघायचं, चित दरवाज्याकडून रायगडवाडी, तिथून टकमकवाडी. इथपर्यंत थोडं डांबर, थोडी गावातली वाट, पाय मोकळे होतात. इथे जो वेगात सुटतो तो पुढे रडतो. तरुण पोरं इथेच सुटतात.

टकमक टोकाच्या खाली आलं की रान सुरू होतं. डोक्यावर सरळ कडा, वर बघायला गेलात तर टोपी पडेल, आणि वर बघायचं तर थांबून बघायचं, पळता पळता नाही. वाट कधी गुरांची, कधी पावसाच्या पाण्याची, कधी नाहीच. जानेवारीत झाडांची पानं पडायला लागतात आणि वाटेवरच्या धोंड्यांवर त्यांचा थर बसतो. वरून गालिचा, खाली सुटे दगड. पाऊल टाकलं की दगड फिरतो. अशा ठिकाणी लांब ढेंग टाकायची नाही. पाऊल बारीक, गुडघा थोडा वाकलेला, अंगाचा भार पुढच्या पायावर एकदम द्यायचा नाही. खाचराच्या ओल्या बांधावरून डोक्यावर मूठ घेऊन आपण जसे जातो, तस्संच. ज्याने लहानपणी बांधावरून भाताचे भारे वाहिले आहेत त्याला हे शिकवायला लागत नाही. शहरातून येणारा त्यासाठी फी भरून शिबिराला जातो.

पुढे भवानी टोकाच्या अंगाला वळलं की डाव्या हाताला काळ नदीचं खोरं उघडतं आणि पलीकडे लिंगाणा उभा. मला सगळ्या फेरीत हा भाग आवडतो, कारण हीच काळ नदी वाळणकोंडातले देवीचे मासे सांभाळत आमच्या बिरवाडीला येते. आयुष्यभर जिचं पाणी बघितलं तिचं खोरं वरून असं एका नजरेत दिसतं. पण खरा दमही इथेच लागतो. पऱ्हे आडवे येतात, एकामागून एक, प्रत्येकात उतरा आणि प्रत्येकातून चढा. पाणी म्हणाल तर दिवाळीनंतर बहुतेक पऱ्हे कोरडे, म्हणून प्रत्येकाच्या पाठीला दोन लिटर हवंच. कारवीच्या काठ्या अंगाला लागतात. नोव्हेंबरात गेलात तर गवताची कुसळं मोज्यातून घोट्यात शिरतात, म्हणून मी भात झोडून झाल्यावर, जानेवारीत जातो.

मग काळकाई खिंडीचा चढ. इथे कोणी पळत नाही. जो म्हणतो मी पळालो, त्याचा व्हिडिओ मागा. हात गुडघ्यावर ठेवायचे, पुढे वाकायचं आणि एका लयीत चालत राहायचं. थांबत थांबत जाण्यापेक्षा हळू पण न थांबता गेलेलं बरं. खिंडीतून पलीकडे उतरलं की हिरकणीवाडी, रोपवेचं खालचं स्टेशन, चहाच्या टपऱ्या, माणसं. आणि मग डांबर. खरं सांगतो, पायांचा सगळ्यात जास्त अंत हा शेवटचा डांबराचा तुकडा बघतो. रानात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, त्यामुळे मार वाटला जातो. डांबरावर प्रत्येक पाऊल त्याच जागी, तसंच, धाड धाड. शिवाय तोपर्यंत उन्हं चढलेली असतात आणि गडावर येणाऱ्या गाड्या कानाजवळून जातात.

ही फेरी साधारण चौदा-पंधरा किलोमीटर भरते. चालणाऱ्यांना सहा-सात तास लागतात, आम्हाला पावणेचार लागले. पण डोंगरात किलोमीटरवर जाऊ नका. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या एका गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला त्यात आणखी एक तास. हा नुसत्या चालण्याचा हिशेब आणि तोही चांगल्या वाटेचा. आपल्या कारवीत आणि सुट्या दगडांत त्यात अजून भर घाला. डांबरावर दहा किलोमीटर तासाभरात काढणारा पोरगा या फेरीत निम्म्यातच बसतो, ते याच कारणाने.

आता दुसरं, "पुण्या-मुंबईचं फॅड."

हे ऐकून तर मला हसावं की रडावं तेच कळलं नाही. ज्या हिरकणीवाडीत आपण चहा प्यायला थांबतो ती कोणाच्या नावाची? दूध घालायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी रात्रीच्या अंधारात कडा उतरली. आख्यायिका आहे, मान्य. पण लोकांनी ही गोष्ट पिढ्यानपिढ्या जपली, कारण डोंगरातून झपाट्याने उतरणारी बाई त्यांना खोटी वाटली नाही. अशा बाया त्यांनी रोज पाहिलेल्या होत्या. आमच्या पलीकडे मढेघाट, उपांड्या घाट आहेत, वर वेल्ह्यातल्या केळदला जातात. सिंहगड पडला तेव्हा तानाजी मालुसऱ्यांचा देह मढेघाटातून पोलादपूरकडच्या उमरठ्याला नेला, असं सांगतात. माणसं मेलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन ज्या वाटेने घाट उतरली, त्या वाटेवर आज आपण म्हणतो की इथे पळायला ट्रेनिंग लागतं!

कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्यपदक आणलं. अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचं पोर, शाळेसाठी रोज सहा-सहा किलोमीटर तुडवणारा. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियावाल्यांच्या रांगेत घुसून त्याने रौप्य घेतलं, वेळ आठ मिनिटं ११.२० सेकंद. हे दोघे कुठल्या उंच इमारतीतून आले नाहीत.

आणि जे इंग्लंड-अमेरिकेचं नाव घेऊन आपल्याला लाजवतात त्यांनी जॉस नेलर हे नाव ऐकावं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या वॉसडेल खोऱ्यातला मेंढ्या पाळणारा शेतकरी. तिथे बॉब ग्रॅहम नावाच्या माणसाने १९३२ साली केझिक गावातून निघून ४२ डोंगरमाथे चोवीस तासांच्या आत करून परत त्याच गावात येण्याची फेरी घातली. सुमारे १०६ किलोमीटर, काही डोंगर, काही रस्ता, आपल्या प्रदक्षिणेसारखीच, फक्त कितीतरी मोठी. तीच फेरी वाढवून नेलरने १९७५ साली चोवीस तासांच्या आत ७२ माथे केले. तेही मेंढरांचं काम सांभाळून. साठाव्या वर्षी त्याने साठ माथे पळून केले आणि सत्तराव्या वर्षी सत्तर. २०२४ साली तो गेला, अठ्ठ्याऐंशीचा होऊन. त्या मुलखात डोंगरात पळण्याच्या शर्यती गावच्या जत्रांत आणि मेंढ्यांच्या प्रदर्शनांत वाढल्या, आपल्याकडे जत्रेत कुस्त्या असतात तशा. म्हणजे जिथून हे "फॅड" आलं म्हणता, तिथेही ते डोंगरातल्या शेतकऱ्या-मेंढपाळाचंच होतं. आपण मात्र आपल्याच अंगणातली गोष्ट परक्याची समजून बाजूला उभे राहिलो.

मला नुसता मान-अपमानाचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. राग खरा आहे तो पोरांच्या बाबतीत.

आमच्या भागात कुठल्याही पहाटे पाच वाजता एमआयडीसीच्या रस्त्याला उभे राहा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. पन्नास गुणांच्या मैदानीत सोळाशे मीटरला वीस गुण, पोरींना आठशे मीटरला. म्हणून सगळं लक्ष त्या वीस गुणांवर. अंधार, पाठीमागून टँकर, दिव्याचा पत्ता नाही, पायात दीडशे-दोनशेचे बूट, रोज तेच डांबर. वर्ष-दीड वर्षात नडगी धरते, गुडघा धरतो. मग मालिश, मग पट्टा, मग सोडून देतात. शेजारच्या वाडीतल्या एका पोराला दोन वर्षांपूर्वी पहाटेच्या गाडीने उडवला. जीव वाचला, पाय गेला तो गेलाच. त्याच्या आईला मी काय सांगू? की डोंगरात बिबट्या असतो म्हणून आम्ही पोरांना रस्त्यावर पाठवतो?

"रस्ता म्हणजे सुरक्षित, रान म्हणजे धोका" ही समजूत आपल्या तालुक्याने तरी सोडायला हवी होती. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस गेली. तीस माणसं. हे पान वाचणाऱ्या कितीतरी जणांचे ते सोबती होते, गुरू होते, आमच्या बांधावर येऊन भाताची लोंबी हातात धरून बोललेले लोक होते. त्यांचं नाव मुद्दा जिंकायला घेत नाही. एवढंच म्हणतो की डोंगरात धोका डांबरावरही असतो आणि वाटेवरही, आणि वाटेवरचा धोका निदान आपल्या पावलाच्या वेगाने येतो, बघता येतो, टाळता येतो.

भरतीच्या पोरांनी सोळाशे मीटर सपाटीवरच घासायला पाहिजे, ते मान्य. घड्याळ लावून, आठवड्यातून दोन दिवस, शाळेच्या मैदानावर. पण दम आणि मांडी तयार व्हायला चढासारखं दुसरं काही नाही. चढावर पाऊल आपटत नाही, छाती मात्र भात्यासारखी चालते. ज्या गावाच्या मागे फुकटचा डोंगर उभा आहे त्या गावची पोरं हायवेच्या कडेला धूर खात पळतात, हे मला बघवत नाही. अकॅडमी काढणाऱ्या मास्तरांनो, महिन्याची फी घेता, तर निदान आठवड्यातून एक दिवस पोरांना वाडीमागच्या पाखाडीने धनगरवाड्यापर्यंत न्या आणि परत आणा. तीन महिने करून बघा आणि मग सोळाशेचं घड्याळ लावा.

पण पाखाडी आहे कुठे, असं पोरं विचारतात, आणि त्यांचं चूक नाही. वाट तीन वर्षं चालली नाही की चौथ्या वर्षी घाणेरी आणि रानमोडी ती गिळतात. माझ्या लहानपणी डोंगरातल्या वाड्यांवर जायच्या ज्या वाटा मी डोळे झाकून चाललो, त्यातल्या निम्म्या आज कोयता घेतल्याशिवाय सापडत नाहीत. पाणंद रस्त्यांसाठी सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाची योजना आणली. चांगली आहे, शेतात ट्रॅक्टर जायला हवाच. पण ज्या वाटेवर ट्रॅक्टर जाणार नाही, फक्त माणूस आणि गुरू जाणार, ती वाट कुठल्याच कागदावर रस्ता ठरत नाही. ग्रामसभेत मी हे दोनदा मांडलं. "पायवाटेला कसला निधी?" म्हणून हसण्यावारी गेलं. बरं, नका देऊ निधी. दिवाळीनंतर प्रत्येक वाडीने एक दिवस श्रमदान करून आपापली पाखाडी मोकळी करावी. आधी आपण हे करतच होतो, होळीच्या लाकडांना जाताना. वणवा लागला तर विझवायला माणसं याच वाटेने वर जाणार आहेत, हे तरी ध्यानात घ्या. आणि जी वाट पोरं आठवड्याला पळतात ती बुजत नाही, तिला वेगळी बेणणी लागत नाही.

आता शर्यती भरवणाऱ्यांना दोन शब्द, कारण त्यांचे फोनही यायला लागले आहेत. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, ती डांबराची. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटांवरही शर्यती होतात. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, रायगड बाकीच्या अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला. तेव्हा आज ना उद्या या बाजूलाही शर्यतवाले येणार. या, आमचं काही वाकडं नाही. गावात चार पैसे येतील, चहा-भाकरी खपेल. पण काही गोष्टी आधीच ऐकून घ्या.

वाट तुमच्या मोबाईलच्या नकाशात आहे म्हणून ती तुमची होत नाही. तिचा अर्धा भाग वनखात्याच्या हद्दीत, काही कोणाच्या तरी खासगी वरकसातून, काही खाचराच्या बांधावरून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या खाचरात भाताच्या ओलीवर वाल असतो. तुम्हाला ते मोकळं रान दिसतं, कोणाच्या तरी घरची ती वर्षाची डाळ असते. तीनशे जोडी बूट बांधावरून गेले की बांध बसतो आणि पुढच्या पावसात तिथूनच फुटतो. तेव्हा आधी विचारा, आणि बांध बसला तर दुरुस्तीची मजुरी देऊन जा. झाडांना बांधलेल्या प्लास्टिकच्या फिती त्याच संध्याकाळी सोडून न्यायच्या, गुरं खातात ती. बूट येण्याआधी धुऊन या, कारण रानमोडीचं बी बुटाला आणि कपड्यांना चिकटून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातं. ही गोष्ट मला शेतीशाळेत कळली, तुम्हाला कोणी सांगितली नसेल. कड्यांना आग्या मोहोळ असतं, तिथून जाताना अत्तर, स्प्रे, ड्रोन, लाऊडस्पीकर काही नको. मोहोळ उठलं तर कोणाची वेळ पहिली आली ते बघायला कोणी उरणार नाही.

आणि पावसात शर्यत नको म्हणजे नको. धबधब्यांचे फोटो चांगले येतात म्हणून जुलैत भरवायचा घाट घालतात. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये. ८७ माणसं. आम्ही जुलैत आमच्याच डोंगराकडे घाबरून बघतो, रात्री पाऊस लागला की झोपत नाही. त्याच महिन्यात आमची सगळी माणसं चिखलात आवणीला असतात. वर कोणी अडकलं तर त्याला खाली आणायला आवणी टाकून आम्हालाच जावं लागतं. शहरातून गाडी पोचेपर्यंत रात्र होते.

शेवटी साहेब लोकांना. तुमच्यावर रागावलो नाही, तुमचा सल्ला घेऊनच माझं भात सुधारलं. पण तुम्ही गाडीने येता, बांधावर उतरता, मातीचा नमुना घेता आणि जाता. खाचरातली माती वरून येते साहेब. ती कुठून सुटते, कुठल्या सोंडेवर वणव्याने गवत जाळलं, कुठला झरा यंदा जानेवारीतच आटला, कुठल्या पऱ्ह्याने नवं तोंड काढलं, हे गाडीतून दिसत नाही आणि मोबाईलच्या नकाशातही नाही. भवानी टोकाच्या खालून पळताना मला काळ नदीचं खोरं दिसतं आणि आमच्याकडे बांध का फुटतात हे चालता चालता कळतं. तुमच्या पाणलोटाच्या अहवालात मी हे वाचलेलं नाही. एकदा पायी या. पळू नका हवं तर.

पुढच्या रविवारी आम्ही परत जातोय. वाल फुलावर आहे, फवारणीचं काम शनिवारपर्यंत उरकतं. पहाटे साडेपाचला पाचाडला भेटायचं, सहाला निघायचं, दहाच्या आत खिंड ओलांडायची. भरतीच्या पोरांना मी स्वतः बिरवाडीच्या नाक्यावरून घेऊन जाईन, त्यांनी घरी सांगून यायचं. दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, पूर्ण बाह्यांचा सदरा, जुने पण तळ न झिजलेले बूट. बीपी-साखरवाल्यांनी आधी डॉक्टरला विचारून यायचं आणि गोळी चुकवायची नाही. एकट्याने पुढे सुटायचं नाही, जो सगळ्यात मागे असेल त्याच्या वेगाने सगळे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, हिरकणीवाडीतल्या मावशींना भाकऱ्यांचा आकडा द्यायचा आहे.